नक्षी

गिरणीच्या रांगेत डबा पुढे सरकवायला मी वाकले, आणि उठते तोच चिटणीसबाईंनी माझी हनुवटी धरली. दोन बोटांत, लहान मुलाची धरतात तशी. वाचनालयाच्या चिटणिसांची ही बायको. आजवर आमचं बोलणं 'काय, बरं आहे ना' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यांनी माझं तोंड दाराकडे, उजेडाकडे वळवलं, मान कलती करून पाहिलं आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की! सर म्हणाले ते काही खोटं नाही. नक्षीच आहे." मागची बाई पुढे झाली. तिनेही पाहिलं. "मला नाही बाई दिसत नक्षीबिक्षी," ती म्हणाली. "अशी नाही दिसायची. आधी मन रिकामं करायचं, मग बघायचं. काल सांगितलं ना सरांनी!" असं म्हणून चिटणीसबाई माझ्याकडे पाहून इतकं गोड हसल्या, की जणू त्यांनी मला काहीतरी बक्षीसच दिलंय. गिरणीवाला भैया पट्ट्यावरचा हात काढून आमच्याकडे बघत राहिला. "क्या हुआ, भाभी?" "कुछ नहीं. तुम पीसो," मी म्हटलं. हनुवटीला बाईंच्या बोटांचं पीठ लागलं होतं. ते मी पदराने पुसलं, पुन्हा पुसलं, आणि दळण न घेताच निघाले.

सर म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्याला सर म्हणतं. दिघाशीला, त्याच्या गावी, त्याचा सख्खा भाऊ विठू, तोसुद्धा चारचौघांत सर म्हणतो. मी तोंडाने 'अहो' म्हणते आणि मनात चांगदेव म्हणते. त्याच्या आईने ठेवलेलं नाव निदान एकीच्या मनात तरी शिल्लक राहावं. चांगदेव इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात सौंदर्य शिकवतो. यंदा वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्याची लागोपाठ दोन व्याख्यानं ठेवली होती, 'सौंदर्य आणि आपण' या विषयावर. आपण म्हणजे कोण, हे मला गिरणीत कळलं. पहिलं व्याख्यान काल झालं, तेव्हा मी घरी होते, कारण माझी आयस, म्हणजे आई, काल्हेरहून डोळे दाखवायला आली होती आणि मानकोलीच्या नाक्यावर उन्हात एस.टी.ची वाट बघून तिला घेरी आली होती. रात्री चांगदेव घरी आला तो गुणगुणत. "कसं झालं?" मी विचारलं. "रंगलं. उद्या तू ये. पहिल्या रांगेत बस," तो म्हणाला. मला बरं वाटलं. नवऱ्याने पहिल्या रांगेत बस म्हटलं की बायकोला बरं वाटतं, त्यात माझं काही वेगळं नाही.

घरी यायचा रस्ता लूमच्या गल्लीतून जातो. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शेडमधून यंत्रमागांची सारखी खटखट चालू असते. ती कानांना ऐकू येईनाशी होते पण दातांना कळत राहते, आणि केसांत कापसाचे तंतू अडकतात ते घरी येईपर्यंत निघत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. शेजारच्या खांबावर सरकारी चित्र होतं, तोंडभर फोड आलेल्या एका तान्ह्या पोराचं. मी तिथून रोज जाते. मागे एकदा गल्लीतली पोरं ओरडली होती, "ए, काकीला दाखवून टाक, हजार मिळतील!" तेव्हा मीच म्हटलं होतं, "उशीर झाला रे, माझी देवी कधीच निघून गेली." पोरं हसली, मीही हसले. त्या पोरांचा मला कधी राग आला नाही. ती वणाला वण म्हणत होती. राग यायचाच तर तो आज येत होता, आणि तोही इतका, की गल्लीतून चालताना कुणीतरी मुद्दाम धक्का मारावा आणि मी त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. कुणी धक्का मारला नाही.

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. कपाळावर कमी, गालांवर दाट, नाकाच्या शेंड्यावर एक खोल. मी सात वर्षांची होते. काल्हेरच्या आमच्या घरात पडवीच्या आतल्या खोलीला गोणपाट टांगून अंधार केला होता, दारात कडुनिंबाचे डहाळे खोचले होते, आणि घरात फोडणी बंद होती, कारण देवीला चरचर खपत नाही. उकडलेल्या भाताचा आणि निंबाचा तो वास मला अजून येतो, कधीही येतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मी आणि माझी धाकटी बहीण कमळ, दोघी एकाच चटईवर. आयस आम्हाला नावाने हाक मारत नव्हती. ती म्हणायची, "माय, पानी घे. माय, लेकरांवर राग नको धरू." आणि आमच्या पाया पडायची. सख्खी आई पाया पडते याची कमळला गंमत वाटली होती, ताप भरलेला असतानाही. "आयस माझ्या पाया पडली, तुझ्या उशिरा पडली," ती मला म्हणाली होती. कमळ पाच वर्षांची होती. तिला बापूसने ठाण्याहून लाल परकराचं कापड आणलं होतं आणि ते अजून शिवायचं होतं. एका दुपारी जाग आली तर चटईवर मी एकटीच होते. मी विचारलं, तेव्हा आयसने माझ्या तोंडावर हात दाबला, त्या ओल्या खपल्यांवर, आणि ती कानाशी म्हणाली, "रडू नको गो बाय. देवीनं नेलेल्याला रडत न्हाईत. रडलं त ती परत फिरंल, तुना पन नेईल." तिच्या हाताला माझ्या गालाचं पाणी लागलं. बापूसने कमळला खाडीच्या बाजूला पुरलं. घरात कुणी रडलं नाही, शेजारणी आल्या नाहीत, सुतकाचं जेवण झालं नाही. ताप उतरल्यावर देवीची वाजतगाजत पाठवणी मात्र झाली. कमळचा फोटो नाही. त्या वेळी आमच्यात पोरींचे फोटो कोण काढत होतं? त्या खोलीतलं जे काही उरलं ते माझ्या तोंडावर उरलं. हे मी कुणाला कधी समजावून सांगितलं नाही. समजावून सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय?

हे फक्त चांगदेवला सांगितलं. त्याचीही हकीगत आहे. मला स्थळं सांगून येत आणि तोंड बघून परत जात. एकाने तर चहाही पुरा घेतला नव्हता. मग दिघाशीचा हा एम.ए. झालेला मुलगा आला, बसला, माझ्याकडे चांगला वेळ बघत राहिला आणि हो म्हणाला. काल्हेरात त्याचं केवढं कौतुक झालं! काळूरामच्या वणाच्या पोरीला मास्तरने पदरात घेतली, म्हणून लोकांनी माझ्या बापाच्या पाठीवर थापा मारल्या. हळदीला आमच्याकडे हात आखडता घेत नाहीत; बायांनी मला नखशिखांत माखली. हळद वणांच्या खळग्यांत भरली ती अंघोळ करूनही निघेना. दोन दिवस आयस पदराचं टोक ओलं करून एकेक खळगा कोरत होती आणि मला खाज सुटून डोळ्यांत पाणी येत होतं. नव्या घरी पहिल्या सकाळी चांगदेवने माझं तोंड असंच उजेडाकडे वळवलं होतं. म्हणाला, "अजून हळद आहे. राहू दे. सोन्याचे ठिपके दिसतात." खोटं कशाला बोलू, मला आवडलं. आजवर लोक माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडे बघत. हा थेट तोंडाकडे बघत होता, आणि मन भरेपर्यंत बघत होता. त्या बघण्यावर मी भाळले. त्या भरात एका संध्याकाळी मी त्याला अंधाऱ्या खोलीचं सगळं सांगितलं, कमळचं, परकराचं, आयसच्या हाताचं. सांगताना माझा आवाज फाटला. तो डोळे मिटून ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, "किती सुंदर सांगितलंस."

तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. वाटलं होतं, शिकलेल्या माणसांची समजूत काढायची हीच रीत असेल. पुढे बारा वर्षं त्याच्या घरात राहून रीत कळली. चांगदेवला जगात सगळीकडे घाट दिसतो, लय दिसते, पोत दिसतो. आम्हाला मूल नाही. त्यावरही त्याने एकदा अपूर्णतेच्या सौंदर्याविषयी काहीतरी म्हटलेलं आहे, ते असो. दंगलीच्या वर्षी मे महिन्यात आम्ही गच्चीवर उभे होतो, खाली बायका मुलांना पोटाशी धरून पळत होत्या, आणि हा धुराकडे बघून म्हणाला, "तो करडा बघ, आणि त्याच्या कडेचा तो तांबूस." मी जिना उतरून खाली गेले. तो वाईट माणूस आहे असं मला म्हणता आलं तर किती सोपं होईल! तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, माझ्या आयसला गोळ्या आणून देतो. फक्त त्याच्या हाती जे लागेल त्याचा तो जीव काढून घेतो आणि मग ते निरखत बसतो. कपाटाच्या आरशासमोर उभा राहून तो व्याख्यानांची तालीम करतो, त्यामुळे त्याचे सगळे तत्त्वज्ञ मला स्वयंपाक करता करता पाठ झालेत. एक जर्मन होता, तो म्हणे, काही हवं असेल तर सौंदर्य दिसत नाही. एक कोटाला फूल लावणारे इंग्रज होते, ते म्हणत, कलेला कशाशीच देणंघेणं नसतं. आमच्याकडच्या पंडितांनी तर रस गाळून अलौकिक करून ठेवला. या सगळ्यांची पोटं कोण भरत होतं आणि त्यांच्या घरी पोरं आजारी पडली की कोण जागत होतं, हे आरशासमोर कधी येत नाही. मला त्या मेलेल्या माणसांचाही राग येऊ लागला आहे.

घरी पोचले तेव्हा चांगदेव जेवायला आला होता. आयस ओट्याशी बसून सुकट निवडत होती. तिला दिसत नाही, ती बोटांनी निवडते. मी ताट वाढलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, "काल तुम्ही माझ्या तोंडावर काय बोललात?"

"तुझ्या तोंडावर? काही नाही."

"शब्दांशी खेळू नका. व्याख्यानात. नक्षी."

तो खूश झाला. खरंच खूश झाला. त्याला वाटलं, कीर्ती माझ्यापर्यंत पोचली. "हां, तो दृष्टान्त! अगं, सभागृह थक्क झालं. मी म्हटलं, लौकिक नजरेला जे व्यंग, तेच अलिप्त नजरेला नक्षी. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही, बारा वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवणाऱ्या चेहऱ्यावरून सांगतो. हळदीचे सोन्याचे ठिपके सांगितले. चंद्रावरचे डाग सांगितले." माझं नाव चंद्रा असणं ही त्याला आयतीच सोय झाली. "चिटणीस म्हणाले, पुस्तिका काढू. दोन्ही व्याख्यानं छापायची."

"छापायचं नाही. आणि आज तर तो विषय काढायचाच नाही."

"काढू नको कसं? आजचं सगळं त्याच्यावर उभं आहे." तो भात कालवत होता. "त्यात तुझं नाव कुठे आहे?"

"तोंड आहे ना!"

"चंद्रा, तू जरा अलिप्तपणे बघ याच्याकडे."

"आज गिरणीत बायकांनी हनुवटी धरून बघितलं मला. बाजारात वांगं बघतात तसं. तुम्ही बघा अलिप्तपणे. माझं तोंड मला चिकटलेलं आहे."

मग त्याने तो आवाज काढला, जो विद्यार्थिनी रडायला लागल्या की काढतो. "तुझं दुःख मला कळत नाही असं वाटतं का तुला? बरं, बघतो. आज त्याला न्याय देतो. तू ये मात्र." न्याय म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. पण बघतो म्हणाला म्हणजे वगळेल, असं मी धरून चालले. साध्या घरात बघतोचा अर्थ तोच असतो. त्याने हात धुतले, आरशासमोर उभा राहिला आणि ओठ हलवू लागला.

तो गेल्यावर मी आयसजवळ बसले. सुकटीचा वास हाताला लावून घेतला की मला जरा ताळ्यावर आल्यासारखं वाटतं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आयस, कमळला आपण रडलोच न्हाय ना गो?"

तिची बोटं थांबली. आमच्या घरात ते नाव निघत नसे. "न्हाय," ती म्हणाली. "देवीनं नेलेल्याला रडत न्हाईत."

"आता रडलं त?"

तिने तोंड माझ्या आवाजाच्या दिशेने वळवलं. "आता देवी हायच कुठं? तो देवीडॉक्टर आलता आपल्या पाड्यावर. बोलला, गेली ती, जगातनं गेली. हजार रुपये लावलंत तरी सापडत न्हाय." हातातली सुकट तिने सुपात टाकली. "मंग आता कोनाला भ्यायचं? पन आता कोन रडनार गो? रडायचं त्या येली रडायचं असतं."

संध्याकाळी मी आयसला हाताशी धरून वाचनालयाच्या सभागृहात गेले. एकटीला तिला घरी ठेवायचं नव्हतं म्हणून नेली, दुसरं काही मनात नव्हतं. हे मी पुढे कुणी विचारलं तर शपथेवर सांगेन. सभागृहाच्या भिंतीला लागून लूमची शेड आहे. त्या खडखडाटात सौंदर्यावर बोलता येत नाही, म्हणून चांगदेवने चिटणिसांना सांगून दोन्ही दिवस व्याख्यानापुरते ते लूम बंद ठेवायला लावले होते. कारागीर बाहेरच्या पायऱ्यांवर विड्या ओढत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी पाय आखडले आणि वाट दिली. आत पहिल्या रांगेत आमच्या खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. मी बसले, तसे लोक वाकून वाकून बघू लागले. चिटणीसबाईंनी लांबूनच हात हलवला. लूमची खटखट नसल्यामुळे इतकं शांत वाटत होतं, की मागच्या रांगेतल्या बाईच्या बांगड्या कळत होत्या.

चांगदेव चांगला बोलतो. तो बोलायला लागला की मलाही अजून ऐकावंसं वाटतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. तो जर्मनाविषयी बोलला, इंग्रजांविषयी बोलला, माझ्याकडे एकदाही त्याने पाहिलं नाही, आणि मी सैल झाले. वाटलं, वगळलं. आयसला डुलकी लागत होती. मग तो थांबला. पाणी प्याला. "काल मी आपल्याला एक चेहरा दाखवला," तो म्हणाला. "आज त्या चेहऱ्यामागची खोली दाखवतो." त्याने खोली दाखवली. गोणपाटाचा अंधार, निंबाचे डहाळे, फोडणी नसलेलं घर, मुलींच्या पाया पडणारी आई. एकही शब्द चुकीचा नव्हता. बारा वर्षांपूर्वी डोळे मिटून ऐकलेलं त्याने जसंच्या तसं ठेवलं होतं, आणि माझा आवाज जिथे फाटला होता तिथे तो बरोबर अर्धा क्षण थांबला. मी बाजूला पाहिलं. आयस जागी झाली होती. तिची मान ताठ होती आणि ती बोटांनी खुर्चीचा हात चाचपत होती.

"चटईवर दोन बहिणी होत्या," चांगदेव म्हणाला. "एक गेली. दुसरी नक्षी घेऊन परतली. जी गेली तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की ती एका घराची होते, तिच्यासाठी हळहळावं लागतं. नाव पुसून टाका. मग उरतो तो केवळ एक आकार, अंधारातली एक रिकामी जागा. मित्रहो, ती रिकामी जागा सुंदर आहे."

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी. सगळ्या सभागृहातून तो 'वा' पुढे आला.

मी काही ठरवलं नव्हतं. मी डोक्यावरचा पदर ओढून तोंड पुरं झाकून घेतलं, मेल्या घरी बाया घेतात तसं, आणि पदराच्या आतून माझा आवाज निघाला. तो माझा आहे हे मला जरा उशिराच कळलं. "कमळे गोऽऽ! माझे बायऽऽ!" आमच्याकडचं रडणं म्हणजे मुसमुसणं नव्हे. त्याला हेल असतो, त्यात मेलेल्याला नावाने हाक मारायची असते आणि त्याचं सगळं आयुष्य त्याला ऐकवायचं असतं, जन्मापासून. लहानपणी मी ते दुसऱ्यांच्या दारात ऐकलेलं. मला येतं हे मला ठाऊक नव्हतं. "कमळे गो, तुझा पाळना पडवीत बांधलाऽऽ, तुना खोकला झाला गोऽऽ!" बंद लूमच्या त्या शांततेत माझा आवाज छपरापर्यंत गेला. खुर्च्या वाजल्या. "काय झालं? कोण आहे?" "सरांच्या मिसेस." "पाणी द्या, पाणी." अध्यक्ष माइकवर म्हणाले, "बाईंना कुणीतरी बाहेर..." आणि तेवढ्यात माझ्या शेजारून दुसरा आवाज उठला, जुना, घोगरा, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. आयसने पदर घेतला होता. "माझे लेकीऽऽ! तुना रडू नाय दिली गोऽऽ! तुझे आयशीनं काळजाचा दगूड केला गोऽऽ!" तिने माझा खांदा धरला आणि आम्ही दोघी डुलू लागलो.

चांगदेव मंचावरून खाली आला. त्याने माझ्या तोंडावरचा पदर बाजूला केला. "चंद्रा! काय हे? लोक बघताहेत."

"बघू दे की," मी म्हटलं. "बघायलाच बोलावलंत ना!"

माझं नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, थुंकी हनुवटीवर आली होती. मी ते पुसलं नाही. मी तोंड वर केलं, उजेडाकडे, त्याला नीट दिसेल असं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, वरचा ओठ जरा वळला, आणि तो एक पाऊल मागे सरकला. ओंगळ काही दिसलं की माणूस सरकतो तसा. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला माझं तोंड बघवलं नाही. मला फार बरं वाटलं. मी आयसला उठवलं आणि आम्ही रडतरडतच मधल्या वाटेने बाहेर आलो. चिटणीसबाईंनी पाय खुर्चीखाली घेतले आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

पायऱ्यांवरचे कारागीर उठून उभे राहिले होते. त्यांच्यातल्या एका दाढीवाल्याने विडी विझवली आणि मला विचारलं, "कोई गुजर गया, बहन?"

"हां," मी म्हटलं. "मेरी छोटी बहन."

"मिट्टी कब है?"

पुरणार कधी, हे तो विचारत होता. "हो गई," मी म्हटलं. त्याने मान हलवली. शेडच्या दारातून कुणीतरी हाक मारली, की व्याख्यान आटोपलं वाटतं, लूम चालू करू का. "रुक जा," तो म्हणाला. "मैयत है." त्याने पायरीवरचा रुमाल उचलून जागा केली. मी आयसला तिथे बसवलं आणि शेजारी बसले. तिने चाचपत माझा गाल शोधला. तिचा हात तोंडावर आला, पण तिने तो दाबला नाही, नुसता ठेवला. "झाला का गो?" तिने विचारलं. "न्हाय," मी म्हटलं, "अजून तिला चालता पन येत न्हाय." मग मी पदर पुन्हा तोंडावर घेतला आणि जिथे सोडलं होतं तिथून धरलं. आयस मागून हेल देत होती. आत माइक एकदा खाकरला. "तर मित्रहो," असं ऐकू आलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. मी कमळच्या लाल परकराच्या कापडापर्यंत आले होते, आणि ते आता शिवायचं होतं.